वारली नक्षीचा कॉर्नहोल बोर्ड: थोडी भर

कॉर्नहोल म्हणजे तिरक्या फळीच्या भोकात लांबून छोट्या पिशव्या टाकायचा खेळ. ती फळी वारली नक्षीने कशी सजवायची या प्रश्नावर कुणीतरी पाव इंचाचं स्वस्त प्लायवूड सुचवलंय, ते मनावर घेऊ नका. पिशवी पडली की पातळ प्लाय दणदणतं आणि पिशवी उसळून बाहेर. अर्ध्या इंचाचं बाल्टिक बर्च (बर्च लाकडाचं मजबूत प्लायवूड) घ्या, मागून मधोमध एक आडवी पट्टी ठोका. मापं ठरलेलीच: २ बाय ४ फूट, भोक ६ इंचांचं, त्याचा मध्य वरच्या कडेपासून ९ इंचांवर.

आता नक्षी. गेरूच्या रंगावर पांढरी वारली चित्रं, ही कल्पना झकासच! माझं ऐकाल तर भोकाभोवती तारप्याचा फेर (तारपा या वाद्यावर गोल फेर धरून नाचणारी माणसं) काढा, आयतं वर्तुळ मिळतंय. फक्त व्हिनाइलचे स्टिकर नकोत. त्यांच्या कडा उचकटतात, घसरणारी पिशवी तिथेच अडते. ॲक्रिलिकने हातानेच रंगवा. वरून पाण्यातल्या पॉलियुरेथेनचे (पारदर्शक वार्निशचे) तीन हात, दर दोन हातांमध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलका. तेलातलं वापरलंत तर पांढरा रंग पिवळट पडेल. भोकाची कडही घासून गोल करा, नाहीतर पिशव्यांचं कापड फाटतं. आणि शेवटचा हात नीट कडक होऊ द्या. कच्च्या थरावर पिशव्या चिकटतात. पाहुणे शनिवारी येणार असतील तर रंगकाम आदल्या वीकांतालाच उरका.