विषय: शाळा बदलली की व्हॉलीबॉलचा सीझन गेला, हे ठरवतं कोण?

मंडळी, नमस्कार.

लेक पुढच्या वर्षी सोफोमोर होईल, म्हणजे दहावीत जाईल. शेजारच्या डिस्ट्रिक्टमधल्या हायस्कूलमध्ये सायन्सचे कोर्सेस जास्त आहेत, म्हणून तिला तिकडे घालायचा विचार आहे. घर बदलणार नाही. तिथले अ‍ॅथलेटिक डिरेक्टर म्हणाले, यंदा व्हॉलीबॉल खेळली असेल तर पुढचा सीझन तिला बाहेर बसावं लागेल. नियम एमएचएसएएचा, म्हणजे मिशिगन हायस्कूल अ‍ॅथलेटिक असोसिएशनचा आहे, शाळेचा नाही. ही संस्था सरकारी आहे का? दाद कुठे मागायची?

– मेधा

---

मेधा,

सरकारी नाही. ईस्ट लान्सिंगची ही खासगी, ना-नफा संस्था १९२४ पासून आहे. शाळांकडून वर्गणी घेत नाही. मुख्य उत्पन्न टूर्नामेंटच्या तिकिटांचं. कौन्सिलवर बहुतेक माणसं सभासद शाळांनी निवडलेली. पालकांना मत नाही, आणि मुलांच्या खेळाचा निर्णय मात्र इथे होतो. मला हे वर्षानुवर्षं खुपत आलंय.

'आम्ही खासगी, आम्हाला घटना लागू नाही' हा बचाव टेनेसीच्या अशाच संस्थेनं केला होता. २००१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. कारण तिच्या सभासदांत ८४ टक्के सरकारी शाळा होत्या. मात्र २००७ मध्ये त्याच खटल्यात संस्थेचा नियम कोर्टानं योग्य ठरवला. म्हणजे कोर्ट जाब विचारू देतं, पण जिंकून देईलच असं नाही.

आपल्या मिशिगनचं उदाहरण तर तुझ्या लेकीच्याच खेळाचं आहे. इथे मुलींचं व्हॉलीबॉल हिवाळ्यात आणि बास्केटबॉल फॉलमध्ये (पानगळीच्या दिवसांत) व्हायचं, बाकी देशाच्या अगदी उलट. कॉलेजचे कोच खेळाडू हेरायला फिरत, तेव्हा आपल्या मुलींचा सीझनच नसायचा. मुलांचे सीझन मात्र जिथल्या तिथे! १९९८ मध्ये पालक कोर्टात गेले. जिम आणि रेफरी पुरत नाहीत, असं संस्थेचं म्हणणं. २००१ मध्ये निकाल पालकांच्या बाजूनं लागला, अपिलं चालत राहिली, आणि प्रत्यक्ष बदल झाला २००७-०८ च्या वर्षात. खटला भरला तेव्हा शाळेत असलेल्या मुली तोवर कॉलेजही संपवून बसल्या होत्या.

म्हणून कोर्टाच्या आधीची जागा सांगतो. प्रत्येक स्कूल बोर्ड दरवर्षी ठराव करून एमएचएसएएचं सभासदत्व घेतं आणि तिचे नियम स्वीकारतं. त्या बोर्डाला आपण मत देतो. ठराव येईल तेव्हा सभेत उभं राहून विचारायचं: नियमातून सूट नाकारली तर कारण लेखी मिळतं का? अपील कोण ऐकतं?

सूट मागायचा अर्ज शाळेनं करायचा असतो, पालकांनी नाही. नव्या शाळेशी आत्ताच बोल.

– आनंदकाका

---

काका, पटलं. पण ट्रान्सफरचा नियम अगदीच वाईट नाही हो. तो नसता तर मोठ्या शाळांनी चांगले खेळाडू आठवीपासूनच ओढले असते. अख्खं कुटुंब राहायला गेलं तर सूट असते. माझा आक्षेप एवढाच, की अभ्यासासाठी शाळा बदलणारी मुलगी आणि ट्रॉफीसाठी बदलणारा मुलगा एकाच मापानं मोजले जातात.

मेधा, ओपन मीटिंग्ज अ‍ॅक्टमुळे (सार्वजनिक संस्थांच्या सभा लोकांना खुल्या ठेवणारा कायदा) बोर्डाच्या सभेत बोलायचा हक्क आपल्याला आहे. अजेंडा बघून तारीख इथे टाक. मी येते.

– सुचेता