ग्राइपचा डेटाबेस अपडेट करूनही जुनाच दिसतो, तातडीने मदत हवी आहे

सह्यकडा: सकाळपासून आमच्या सॉफ्टवेअरचा बिल्ड अडलाय, संध्याकाळी रिलीज आहे. ग्राइप (पॅकेजमधली सुरक्षेची भोकं शोधणारं टूल) म्हणतं, माहीत असलेल्या भोकांचा डेटाबेस ६ दिवस जुना आहे, ५ दिवसांपेक्षा जुना चालणार नाही. अपडेट चारदा चालवलं, झालं असंच दाखवतं. बिल्डमध्ये पुन्हा तीच एरर. काय करू? प्लीज लवकर सांगा.

पाणवठा: व्हर्जन कुठलं? बिल्ड कशावर चालतो? सर्व्हरला बाहेरचं नेट आहे का? अपडेट कुठून, कुठल्या युजरने चालवलं?

मोगरा_७: वयाची तपासणीच बंद करा. ग्राइप_डीबी_व्हॅलिडेट_एज फॉल्स केलं की एरर जाते. आमच्याकडे वर्षभर तसंच आहे.

पाणवठा: मोगरा, असा सल्ला देऊ नका हो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतलं सुरक्षेचं भोक जाहीर झालं, तेव्हा आठवडाभर जुन्या डेटाबेसवर स्कॅन करणाऱ्याला सगळं ठीकच दिसलं असतं. ती ५ दिवसांची अट उगाच नाही.

मोगरा_७: माणूस अडलाय, आधी त्याला वाट काढून द्या. तपासणी उद्या परत चालू करता येते.

पाणवठा: तुमच्याकडे वर्षभरात झाली का चालू?

जुनाखांब: त्यापेक्षा डिपेंडन्सी-चेक लावा, तेही असंच स्कॅन करणारं टूल आहे. फक्त एनव्हीडीची (अमेरिकी सरकारचा भोकांचा डेटाबेस) एपीआय की घ्या, मोफत मिळते. कीशिवाय ३० सेकंदांत ५ रिक्वेस्ट, की असली तर ५०. मी कीशिवाय पहिलं डाउनलोड लावलं होतं, रात्र गेली.

सह्यकडा: मला टूल बदलायचं नाहीये!! बिल्ड जेन्किन्स (आपोआप बिल्ड चालवणारा सर्व्हर) चालवतो, उबुंटूवर. नेट आहे. एसएसएचने आत जाऊन सुडो लावून (म्हणजे रूट, अ‍ॅडमिन युजर म्हणून) अपडेट केलं.

वेताळटेकडी: कंटेनरमध्ये चालवत असाल तर कॅशचं फोल्डर (उतरवलेला डेटाबेस जिथे राहतो ते) बाहेरून व्हॉल्यूम म्हणून जोडा, नाहीतर दर वेळी डेटाबेस नव्याने उतरतो.

तळटीप: सह्यकडा, सुडो हेच कारण असणार. नवा डेटाबेस रूटच्या होममधल्या कॅशमध्ये गेला. बिल्ड जेन्किन्स युजरने चालतो, तो स्वतःच्या होममधला जुना वाचतो. दोन्ही युजरने 'ग्राइप डीबी स्टेटस' चालवा आणि पाथ ताडून बघा. आणि एक सांगा, ऑटो-अपडेट बंद केलंय का? एरवी स्कॅनच्या आधी ग्राइप स्वतःच नवा डेटाबेस आणतं.

सह्यकडा: हो, बंद आहे. दर बिल्डला डाउनलोड नको म्हणून आधीच्या माणसाने केलं होतं, मला वाटलं ते सांगायची गरज नाही. पाथ खरंच वेगळे निघाले! जेन्किन्स युजरने अपडेट केलं, एरर गेली. पण आता एक हाय, म्हणजे गंभीर पातळीची त्रुटी, निघाली आहे, जुन्या डेटाबेसमध्ये ती नव्हतीच. पॅकेज बदलून परत टेस्ट करावं लागेल, रिलीज उद्यावर गेलं. तळटीप, मनापासून आभार.

तळटीप: रोजचं अपडेट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवतं ते) टाका, पण जेन्किन्सच्याच क्रॉनटॅबमध्ये. रूटच्या टाकलंत तर ६ दिवसांनी पुन्हा इथेच याल.