शब्दचर्चा: 'हॅश कोड'ला 'ओळखक्रमांक' म्हणावं का?

प्रश्न: जावा या प्रोग्रामिंग भाषेची टिपणं मराठीत लिहितेय, 'स्ट्रिंगकॅरॅक्टरइटरेटर' (मजकुरातल्या एकेका अक्षरावरून सरकणारा) या क्लासपाशी अडलेय. 'इटरेटर'ला 'पुनरावर्तक' आणि 'हॅश कोड'ला (वस्तूतल्या माहितीवरून काढलेल्या आकड्याला) 'ओळखक्रमांक' लिहिलंय. चालेल?

— 'ओळखक्रमांक' नको, ताई. तो म्हटला की आधार आठवतो: एकाला एकच, आणि जन्मभर तोच. इथे दोन्ही खोटं. दोन अक्षरी शब्दाचा हॅश काढताना जावा पहिल्या अक्षराच्या युनिकोड आकड्याला (प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या आकड्याला) ३१ने गुणते आणि पुढच्या अक्षराचा आकडा त्यात मिळवते. 'यश' म्हणजे २३५१ × ३१ + २३५८ = ७५२३९. 'रग' म्हणजे २३५२ × ३१ + २३२७, तेही ७५२३९! 'दश' आणि 'धग' यांचंही तेच, दोघांचे ७४९६०.

— यश आलं की अंगात रग येते हे जावालाही ठाऊक आहे तर!

— हसा. पण इटरेटरचं त्याहून अवघड. त्याच्या हॅशमध्ये मजकुराचा हॅश, सध्याची जागा, सुरुवात आणि शेवट या चौघांचं एक्सऑर (आकड्यांचे बिट एकमेकांशी ताडून नवा आकडा काढणं) असतं. 'यश'वरचा कोरा इटरेटर ७५२३७ देतो, एकदा 'नेक्स्ट' (एक अक्षर पुढे) केलं की ७५२३६. हॅशसेटमध्ये (हॅशवरून वस्तू शोधणाऱ्या संचात) टाकून मग पुढे सरकवलात, की तो आत असूनही सापडत नाही. माझी एक अख्खी दुपार यात गेलीये.

— मला 'पुनरावर्तक' जास्त खटकतो. पुन्हा काहीच होत नाही, तो नुसता पुढे-मागे सरकतो. आजी पोथी वाचताना ओळीवर बोट ठेवायची, ते आहे हे. पोथी तीच असली तरी बोट वेगळ्या ओवीवर असेल तर 'इक्वल्स' ही बरोबरी तपासणारी मेथडसुद्धा दोघांना एक मानत नाही.

— 'हॅश'चं मूळ फ्रेंच, अर्थ बारीक चिरणं. इंग्रजी स्वयंपाकघरात हॅश म्हणजे चिरलेल्या मांसाचा पदार्थ. तेव्हा 'खिमांक'!

— शाकाहाऱ्यांनी काय करायचं?

प्रश्नकर्ती: 'कप्पा-अंक' कसा वाटतो? कुठल्या कप्प्यात शोधायचं एवढंच तो सांगतो, वस्तू तीच का हे 'इक्वल्स' बघतं.

— जवळ आलात. पण कप्पा हॅश टेबलाच्या (सगळ्या कप्प्यांच्या मांडणीच्या) आकारावरही ठरतो. टेबल वाढलं की हॅश तोच राहून कप्पा बदलू शकतो.

प्रश्नकर्ती: मग 'हॅश कोड'च ठेवते. 'इटरेटर'च्या पहिल्या उल्लेखाला मात्र 'सरकतं बोट' लिहिणार. आजींना विचारलं नाहीये, चालेल ना?