कॉलेजनंतर यूएक्समध्ये कसे घुसलात? अनुभव लिहा

मास मीडिया करून यूएक्समध्ये (अ‍ॅप, वेबसाइट लोकांना वापरायला सोपी जावी असं डिझाइन करायचं काम) आले, पहिल्या नोकरीला आत्ता 8 महिने होतील. आई शेजारच्या काकूंना 'कॉम्प्युटरवर चित्रं काढते' असं सांगते आणि मी पण आता दुरुस्त करायचं सोडलंय. कॉलेजचे ज्युनियर रोज विचारतात कोर्स कुठला करू, पोर्टफोलिओत काय टाकू. माझ्या एकटीच्या जिवावर काय सांगणार? तुम्ही लिहा, आणि खरंखरं लिहा, लिंक्डइनवरचं नको.

डोंबिवलीकर:
मी मेकॅनिकलवाला, ऐरोलीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चिकटलो. तिथे एका फॉर्मवर सारखी तक्रार यायची की ओटीपी चुकीचा दाखवतोय. ओटीपी बरोबरच जात होता, पण 'पुन्हा पाठवा' बटण पहिल्या सेकंदापासून चालू, लोक घाईघाईत दाबायचे, त्याने पहिला ओटीपी रद्द व्हायचा आणि नेमका तोच आधी येऊन पोचायचा. डेव्हलपर म्हणे बग नाहीच हा, सिस्टीम नीट चालतेय. मी 30 सेकंदांचा टायमर सुचवला, तक्रारी जवळजवळ थांबल्या. ह्या कामाला नाव असतं आणि त्याचे पगार मिळतात हे मला त्यानंतर कळलं 😄 पुढे इंटरव्ह्यूला पाऊण तास ह्याच गोष्टीवर बोललो. सोबत खाण्याच्या अ‍ॅपचं रीडिझाइन पण होतं (सगळेच करतात), ते कोणी उघडलंसुद्धा नाही.

पवई रिटर्न:
मी आयडीसीचा (आयआयटी मुंबईचं डिझाइन स्कूल) रस्ता धरला. त्याची प्रवेश परीक्षा सीड जानेवारीत असते, पार्ट ए कॉम्प्युटरवर आणि पार्ट बी कागदावर हाताने. पहिल्या वर्षी ए मध्येच उडालो, कारण वर्षभर नुसती स्केचेस घोटत बसलेलो. दुसऱ्या वर्षी लागला नंबर. दोन वर्षं जातात, मित्र तोवर कमवायला लागलेले असतात, घरचं गणित बघून ठरवा. तिथे फिग्मा (स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) कोणी शिकवत बसत नाही हो, ते आपलं आपण. एका असाइनमेंटसाठी तीन सकाळी भाजीवाल्याशेजारी उभा होतो, सुट्टे नसले की तो आणि गिऱ्हाईक काय काय करतात ते टिपत. बाबा म्हणाले, ह्याच्यासाठी आयआयटी?

अप्लाइडची:
जेजेतून आले त्यामुळे दिसायला छान करता यायचं, पण 'हे इथे का' विचारलं की त त प प. टीममध्ये किंमत वाढली ती मराठीमुळे. स्क्रीन इंग्रजीत पक्की करायची आणि 'मराठी नंतर टाकू' हा सगळीकडचा शिरस्ता. मग टाकलं की वेलांटी वरून कापलेली, उकार खालून गायब, आणि 'सबमिट'च्या जागी 'अर्ज सादर करा' लिहिलं की बटण फुटतं. आता मी आधी मराठी टाकूनच स्क्रीन करते, लाइन हाइट (ओळीला मिळणारी उभी जागा) पहिल्या दिवसापासून मोकळी. फॉन्टला बालू घेऊन बघा, 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा आहे, मुंबईचेच आहेत ते, आणि फुकट.

चर्चगेट स्लो:
एका कंपनीने (नाव नको) 'छोटीशी असाइनमेंट' म्हणून आठ स्क्रीन करून घेतल्या, शनिवार रविवार दोन्ही गेले, मग मेलला उत्तर नाही. चार महिन्यांनी त्यांच्या अ‍ॅपमध्ये माझाच फ्लो (स्क्रीनमागून स्क्रीनचा क्रम), रंग तेवढा बदललेला. आता आधीच विचारते, पैसे देणार का, नाहीतर त्यांचं अ‍ॅप सोडून दुसरं काहीतरी द्या म्हणते. दोघांनी ऐकलं, एकाने फोन ठेवला.

गिरगावची:
तीन महिन्यांचा कोर्स, भरपूर पैसे. फायदा एवढाच की चार मैत्रिणी मिळाल्या, त्यातल्या एकीने रेफर केलं.

अप्लाइडची:
@डोंबिवलीकर, 30 सेकंदांत आमच्या बाबांना चष्मा सापडत नाही! आणि जुना ओटीपी रद्दच का करायचा, दोन्ही चालू द्या की.

डोंबिवलीकर:
तेच म्हणालो होतो. सिक्युरिटीवाले नाही म्हणाले.