प्रतिसाद: अभ्यासिकेतील जागांच्या वापराची मोजणी
प्रवेशद्वारावरील, आत येणाऱ्यांची संख्या मोजणाऱ्या यंत्राच्या आकड्यांवरून अभ्यासिकेतील जागांची गरज ठरवावी, अशी एक सूचना आली आहे. त्याला थोडी पुरवणी जोडावीशी वाटते. दारातली मोजणी किती जण आत आले एवढेच सांगते. ते कुठे बसले, किती वेळ बसले आणि काय करत होते, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मजल्याचा नकाशा हातात घेऊन ठरावीक तासांनी फेरी मारणे आणि प्रत्येक आसनाची नोंद करणे हाच, कष्टाचा असला तरी, भरवशाचा मार्ग आहे. या नोंदीत ‘भरलेले’ आणि ‘रिकामे’ असे दोनच रकाने मुळीच ठेवू नयेत. खुर्चीवर बॅग, टेबलावर उघडी वही, चार्जिंगला लावलेला लॅपटॉप, पण माणूस नाही, अशा जागांसाठी तिसरा रकाना हवाच, कारण परीक्षेच्या दिवसांत ‘जागाच नाही’ ही तक्रार बरेचदा तिथूनच येते. चौघांच्या टेबलावर एक जण बसलेला असला की अनोळखी विद्यार्थी तिथे बसायला कचरतात, हेही नकाशावर स्पष्ट दिसते.

फेरीतून कारणे मात्र कळत नाहीत. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मानववंशशास्त्रज्ञ नॅन्सी फ्राइड फॉस्टर यांच्यासह केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांकडून छायाचित्रे काढून घेतली, दिवसभराची ये-जा नकाशावर नोंदवून घेतली आणि मग त्यावर त्यांच्याशी चर्चा केली. मोजक्या विद्यार्थ्यांपुरते का होईना, हे जरूर करावे. प्रश्नावली मात्र केवळ आत बसलेल्यांना वाटू नये. जागा न मिळाल्याने परत गेलेल्यांचे म्हणणे त्यात येणारच नाही.