अठराच्या आतली मुलगी, गर्भनिरोधक आणि पालकांची सही

प्रश्न (रेक्टर, इंदूर): भंवरकुआंकडच्या कोचिंगच्या मुलींच्या होस्टेलसाठी माहितीचा कागद तयार करतेय. बऱ्याच जणी 16-17च्या, काही 19च्या. आयपिल, रोजच्या गोळ्या, तांबी, यांतल्या कशाला आईवडिलांची सही लागते?

मेडिकलवाला: कंडोम आणि आपत्कालीन गोळी (आयपिल, म्हणजे लिव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिग्रॅ) यांना चिठ्ठी नको, सहीही नको. खरी अडचण म्हणजे काउंटरवर ओळखीचे काका दिसले की मुली तशाच परत फिरतात, आणि तास हातचे जातात. गोळी 72 तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा एक. ही गोळी बीजांड सुटणं लांबवते. ते आधीच सुटलं असेल तर उपयोग नाही, आणि गोळीनंतर पुन्हा संबंध आला तर त्यापासून संरक्षण नाही. पाळी आठवड्याहून जास्त लांबली की लघवीची तपासणी.

टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर गोळीचा असर कमी होतो, हे ठळक लिहा. आणि पाकिटावर मिफेप्रिस्टोन दिसलं तर ते गर्भपाताचं औषध, डॉक्टरशिवाय घ्यायचं नाही. दोन्हींत घोळ करणारे कमी नाहीत.

परिचारिका ताई: तांबी संबंधानंतर पाच दिवसांत बसवली तर आपत्कालीन उपाय म्हणूनही चालते, रिफाम्पिसिनवाल्या मुलीला तीच खात्रीची. पण ती बसवावी लागते, म्हणून अठराच्या आत डॉक्टर सहसा पालकांची सही मागतात. नेहमीसाठी ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी (30 मिग्रॅ) सरकारी दवाखान्यात फुकट मिळते: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, मग एकदा. वार चुकला तर आठवताच घ्यावी आणि पुढच्या पाळीपर्यंत कंडोम वापरावा. सात दिवसांहून जास्त उशीर झाला असेल तर पहिल्यापासून सुरुवात.

वकील: रेक्टरताई, सहीपेक्षा पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) बघा. 2012च्या या कायद्यात अठराच्या आतल्या मुलीची संमती धरतच नाहीत, मुलगा तिच्याच वर्गातला असला तरी. कलम 19 प्रमाणे असे संबंध कळले की पोलिसांना कळवणं भाग, आणि डॉक्टर बिचकतात ते यामुळेच. गर्भपाताला मात्र अठराच्या आत पालकांची लेखी संमती लागतेच. 2022च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार मुलगी आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरला कलम 19च्या माहितीत तिचं नाव देण्याची गरज नाही. 19 वर्षांच्या मुलीला तिची स्वतःची संमती पुरे, घरी कळवायचं कारण नाही.

रेक्टर: आईवडील लांब असतील तर मावशी चालते?

वकील: गर्भपाताच्या कायद्यात पालक म्हणजे मुलीची काळजी ज्याच्याकडे आहे ती व्यक्ती. मावशीकडे राहत असेल तर चालावं. तुम्ही स्वतः सही करायच्या आधी मात्र वकिलाला कागद दाखवा.