वजन बघा, आणि काटेही

रोजच्या वापराला १२५ सीसीची बाइक आहे, दुसरी कोणती घ्यावी, असा प्रश्न इथे आलाय. दुसरी दणकट आणि मोठीच घ्या, हे वरच्या एका उत्तरातलं मत धुळे-जळगाव हायवेपुरतं मान्य. पण रविवारी सातपुड्याच्या डोंगरात तोरणमाळ नाहीतर पाल गावाला जायचं असेल तर वजन आधी बघा. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० भरते १९५ किलो, हिरोची एक्सपल्स २०० जवळपास १६०. घाटात खडीवर आडवी झाली की हा फरक कमरेला कळतो.

एक गोष्ट इथे कुणीच काढली नाही: बाभळीचे काटे. आपल्याकडे शेताच्या कुंपणाला फांद्या ओढत नेतात, काटे रस्त्यावर सांडतात. माझ्या गाडीला स्पोकची चाकं, म्हणजे आत ट्यूब. तोरणमाळच्या वाटेवर म्हसावदच्या पुढे मागचं चाक पंक्चर होऊन बसलं. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरला रस्त्यातच दहा मिनिटांत भोकात रबरी प्लग मारता येतो. ट्यूबवाल्याला अख्खं चाक खोलावं लागतं. मधला स्टँड नाही, म्हणून दगड रचून गाडी उचलली, तीही एका गुराख्याच्या मदतीने. ट्यूबमधून निघालेला काटा बोटाएवढा होता. स्पोकवालीच आवडत असेल तर रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० ला ट्यूबलेस स्पोकचा पर्याय मिळतो, जास्तीचे पैसे मोजून. मी तूर्त डिकीत जादा ट्यूब आणि पाने घेऊन हिंडतो.